मास्तरांनी न वाजवलेली शिट्टी

कबूल केलेल्या दिवशी मास्तरांनी कपडा दिला, असं कधी झालं नाही. मंगळवार म्हणाले की गुरुवार धरायचा, आणि गुरुवार म्हणाले की दुसरा शिंपी बघायचा, अशी त्यांची थट्टा व्हायची आणि ती त्यांच्या तोंडावरच व्हायची. मास्तरांच्या तोंडात टाचण्या असत, त्यामुळे उत्तर म्हणून नुसतं "उंऽ" यायचं. पण दुसरा शिंपी होताच कुठे? वरची गल्ली आणि खालची गल्ली जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान, आणि दोन्ही गल्ल्यांत मिळून तेवढं एकच.

बाकी सगळं दोन-दोन होतं. मोठ्या गोदामाच्या कामासाठी माणसं आणली तेव्हाच ती दोन मुलखांतून आणली होती. आम्ही वरचे, ते खालचे. त्यांची भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, मेल्यावर रडायची रीतसुद्धा वेगळी. त्यांचा वाणी वेगळा, आमचा वेगळा. न्हावीही दोन. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, पण भांडायलासुद्धा बोलावं लागतं, आणि आम्ही बोलतच नव्हतो. मास्तरांच्या बाकावर वरचे एका टोकाला बसत, खालचे दुसऱ्या टोकाला, आणि मधली दोन माणसांची जागा कुणी मोठा पाहुणा यायचा असल्यासारखी रिकामी.

मास्तर आमच्या गल्लीतले. तरुणपणी ते सूतगिरणीच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायचे, मग गुडघा गेला आणि शिवणयंत्राच्या पायट्याला पाय लागला. एका संध्याकाळी दहा-बारा गिऱ्हाइकं खोळंबून उभी होती. दोन्हीकडची. कुणाची पँट आखूड करायची राहिलेली, कुणाच्या गणवेशाला बटणंच नाहीत. मास्तरांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या, कपाटावरून एक जुना चेंडू काढला आणि म्हणाले, "डोक्यावर उभं राहून शिवण लवकर होत नाही. मागं मोकळी जागा आहे. तिकडे जा, खेळा. तासाभरात हाक मारतो."

तास कसला, अंधार पडला तरी हाक आली नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी पोती शिवायच्या सुतळीचं जाळं विणलं आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी पट्टी शिवली. ती शिवण मात्र सुबक होती. मग ज्यांचे कपडे शिवायला नव्हते तेही यायला लागले. बाजू पाडायची मास्तरांची रीत साधी होती: पहिला येईल तो जाळ्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, तिसरा पुन्हा अलीकडे. दोघे भाऊ जोडीनं आले तरी एक इकडे, एक तिकडे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "घरी एकत्रच जेवता ना? इथं जरा वेगळे व्हा." मैदानावर नातं चालायचं नाही. त्यांचा सख्खा भाचासुद्धा तिथं त्यांना 'मास्तर'च म्हणायचा.

या भाच्याविषयी सांगायला हवं. मास्तरांना मूलबाळ नाही. धाकटी बहीण लवकर विधवा झाली, ती पोराला घेऊन त्यांच्याकडे आली, आणि पोरगा मास्तरांच्या कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत झोपून मोठा झाला. पुढचा प्रकार घडला तेव्हा सव्वीस वर्षांचा गडी, गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. उडी अशी मारायचा की जाळ्याच्या वर छाती यायची. मास्तर त्याच्याकडे बघत नाहीत असं दाखवत, आणि यंत्राची सुई तेवढ्यात कापड सोडून भलतीकडे जाई.

आणि दुसरा बेकरीवाला. खालच्या गल्लीतला, पहाटे पावाची व्हॅन घेऊन निघणारा, बुटका आणि रुंद. याच्या मापाचा शर्ट शिवायचा म्हणजे कापड आडवं घालावं लागतं, असं मास्तर म्हणायचे. त्याला आमची भाषा मोडकीतोडकी यायची. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा चेंडू रेषेबाहेर गेला, पॉइंट त्याच्या बाजूला मिळाला, सगळे पुढच्या सर्व्हिसला उभे राहिले, आणि हा आपला हात वर करून उभा. कुणाला कळेना. शेवटी त्यानं स्वतःच्या बोटांना दुसऱ्या हातानं टिचकी मारून दाखवलं: माझ्या बोटाला लागून गेला. कुणीही पाहिलं नव्हतं. पॉइंट दुसरीकडे गेला.

मास्तरांनी यंत्र थांबवलं, बाहेर आले आणि म्हणाले, "इथून पुढं असंच. ज्याला लागला त्यानं हात वर करायचा. पंच नको, वाद नको."

अकरा वर्षं तसं चाललं. दोन भाषांत वाद घालण्यापेक्षा हात वर करणं सोपं. मास्तर यंत्रावर बसून गुण सांगायचे, एवढंच. त्या अकरा वर्षांत काय काय झालं ते वरवर दिसणारं नव्हतं. बाकावरची मधली जागा भरली. खालच्या गल्लीत कुणी गेलं की वरचे चार जण खांद्याला जायला लागले. बायकांनी एकमेकींच्या दारात उभं राहायला सुरुवात केली. आमच्याकडे पहाटे तिघींच्या कळा एकदम सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात कुणी नेलं? बेकरीवाल्यानं, पावाचे खोके रस्त्यावर उतरवून. त्या दिवशी अख्ख्या भागाला पाव मिळाला नाही आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

मग ते मैदान कुणाच्या तरी नजरेत भरलं.

जागा सरकारी होती. तिथं गोदामाच्या ट्रकांसाठी वाहनतळ करायचा असं ठरत होतं. मास्तर अर्ज घेऊन विभाग कार्यालयात सहा वेळा गेले. सातव्या वेळी साहेब स्वतः आले, मैदान पाहिलं, आणि खूश झाले. "अरे वा! दोन समाज, एक खेळ! मास्तर, आपण एकोपा चषक घेऊ. मोठे लोक बोलावू, फोटो येतील. मग या जागेला क्रीडांगण म्हणून कायमचं लावून टाकतो. माझा शब्द."

"घ्या की," मास्तर म्हणाले. "माणसं रोज येतातच."

"फक्त संघ गल्लीवार करा. वरचा एक, खालचा एक."

"साहेब, आमच्यात तसं नसतं. येईल तसा अलीकडे-पलीकडे."

साहेब हसले. "अहो, पण एकोपा दिसला पाहिजे ना! सगळेच मिसळलेले असले तर कोण कोणात मिसळलं हे फोटोत कळणार कसं?"

'उंऽ' म्हणायला मास्तरांच्या तोंडात टाचण्याही नव्हत्या. वाहनतळाचा नकाशा साहेबांच्या बगलेत होता आणि मास्तर त्याच्याकडे बघत होते. मैदान वाचवायचं तर एक दिवस संघ गल्लीवार, इतकीच अट. एक दिवस तर आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी मान हलवली.

सदरे शिवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. आठ निळे, आठ पिवळे, पाठीवर गल्लीचं नाव. काजं-बटणं मास्तरीणबाई करायच्या. पहिला निळा सदरा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, यांना रंग नका लावू."

"एक दिवस घालतील, मग फडक्याला होतील."

"नवं कापड कुणी फडक्याला घेतं का?" बाई म्हणाल्या आणि सुईत दोरा घालायला लागल्या.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कपडे वेळेवर दिले. दोन दिवस आधीच. आणि सदरे मिळाले त्याच संध्याकाळी वरचे सगळे एका बाजूला सरावाला उभे राहिले. खालचे आले, क्षणभर थांबले आणि दुसऱ्या दिवसापासून गोदामाच्या मागे जाऊन वेगळा सराव करू लागले. बाकाची मधली जागा पुन्हा मोकळी झाली. मास्तर भाच्याला म्हणाले, "अरे, निदान रोजचा खेळ तरी रोजच्यासारखा खेळा." भाचा म्हणाला, "मास्तर, हरलो तर गोदामात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ते आत्तापासूनच बोलतायत."

"काय बोलतायत?"

"त्यांची भाषा मला कुठे येते? पण हसतात."

चषकाच्या दिवशी मंडप, खुर्च्या, कर्णा, सगळं होतं. कार्यालयानं रेषेवर बघायला दोन माणसं बाहेरून आणली होती. पंच म्हणून मास्तरांनाच उंच खुर्चीवर बसवलं, गळ्यात शिट्टी घातली. दोन्ही गल्ल्या समोरासमोर बसल्या होत्या. मधून एकही पोर इकडून तिकडे पळत नव्हतं.

एक सेट वरच्यांनी घेतला, एक खालच्यांनी. तिसरा पंधराचा. खालचे चौदा, वरचे तेरा. बेकरीवाल्यानं चेंडू उचलून दिला, त्यांच्या उंच गड्यानं तो मारला, भाचा जाळ्यावर उडाला. चेंडू त्याच्या बोटांवरून मागे गेला आणि रेषेच्या हातभर बाहेर पडला. रेषेवरच्या माणसानं बाहेर म्हणून खूण केली. बोटाला लागला नसेल तर चौदा-चौदा. लागला असेल तर खालचे जिंकले.

लागला होता. मास्तर जाळ्याच्या टोकाशी उंचावर बसले होते, त्यांनी मधल्या बोटाचं पेर मागे वळताना पाहिलं. भाच्यानंही मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलंय हे त्याला कळलं.

मास्तरांनी शिट्टी ओठांत धरली आणि वाजवली नाही. ते वाट बघत बसले. अकरा वर्षं ज्याला लागला तोच हात वर करत आला होता, आता हाही करील. मैदानावरचे खेळाडूही, दोन्ही बाजूंचे, तसेच थांबले होते. ही सवय फक्त त्यांनाच ठाऊक. बघणाऱ्या हजार माणसांना एवढंच दिसत होतं की पंच गप्प बसलाय. काही म्हणतात मिनिटभर, काही म्हणतात पाच. मास्तरीणबाई म्हणतात, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ.

मग भाचा बोलला. हात खालीच ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मामा, बाहेर गेला."

खालच्या गल्लीला आमची भाषा येत नसली तरी 'मामा' शब्द येत होता. तिकडची पहिली रांग उठली. आमची उठली. बेकरीवाला जाळ्याखालून वाकून अलीकडे आला आणि खुर्चीकडे चालायला लागला. पळत नव्हता, हातात काही नव्हतं, पण पिवळा सदरा पंचाच्या अंगावर चाललाय एवढंच आमच्या लोकांना दिसलं. मागून कुणीतरी सोड्याची बाटली फेकली.

ती कुणी फेकली ते आजवर ठरलेलं नाही. आमच्या बाजूनं आली, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं. बेकरीवाला खाली बसला, दोन्ही हात तोंडावर धरून. त्यानंतरचं काय सांगायचं! खुर्च्या उडाल्या, मंडप पडला, सतरा जण दवाखान्यात गेले. साहेब गाडीत बसून निघून गेले होते. बेकरीवाल्याचा उजवा डोळा वाचला नाही.

चौकशी लागली. कार्यालयाला एकच गोष्ट कागदावर हवी होती: चेंडू लागला होता की नाही? म्हणजे दोष कुणाच्या बाजूला टाकायचा ते ठरवता येईल. आणि गोदामानं पाटी लावली, दंग्याला ज्याच्यामुळे सुरुवात झाली असं ठरेल त्याला कामावरून काढू.

जबानीच्या आदल्या दिवशी बहीण दुकानात आली. बाकावर बसली नाही. "दादा, लागला नाही म्हण. तुझ्या एका शब्दावर त्याची नोकरी आहे. चेंडूच तो, तू नीट पाहिलं नसशील."

"पाहिलं."

"मग त्याच वेळी का नाही बोललास? तेव्हा बोलला असतास तर एक पॉइंट गेला असता. आता बोलून माझं पोर जाईल!"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लिहून दिलं: चेंडू बोटाला लागला होता. मी खेळाडूनं हात वर करण्याची वाट पाहत होतो, आमच्याकडे तशी पद्धत आहे.

भाच्याची नोकरी गेली. महिन्याभरात आईला घेऊन तो दूर कुठेतरी निघून गेला. जाताना मामीच्या पाया पडला, मामासमोरून तसाच गेला. वरच्या गल्लीनं मास्तरांकडे कपडे टाकणं बंद केलं. एक सांगते, मीही बंद केलं. भांडण नको म्हणून. आणि खालची गल्ली तर फिरकलीच नाही. एवढे दिवस काय तोंड शिवलं होतं का, असं ते म्हणत, आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

साहेबांनी शब्द मात्र पाळला. मैदान कायमचं क्रीडांगण झालं, कुंपण लागलं, फलक लागला. फलकाच्या खाली वेळापत्रक: सोम, बुध, शुक्र वरचे, मंगळ, गुरू, शनि खालचे. रविवारी बंद. दोन्हीकडचे आता चांगले सराव करतात, शिट्टी वाजवायला पगारी माणूस ठेवलाय. हात कुणीच वर करत नाही, त्याची गरजही पडत नाही.

चार महिन्यांनी मास्तर बेकरीवाल्याकडे गेले. व्हॅन आता दुसरा माणूस चालवतो. एका डोळ्यावर परवाना मिळत नाही. हा आत भट्टीपाशी बसून पिठाचे गोळे तोलत होता. मास्तर दारात उभे राहिले. त्यानं मान पूर्ण वळवून पाहिलं, तसंच पाहावं लागतं त्याला.

"बस," तो म्हणाला.

मास्तर पिठाच्या पोत्यावर बसले. मग मास्तरांनी विचारलं, "तू खुर्चीकडे का येत होतास?"

"सांगायला. पॉइंट वरच्यांना दे. चौदा-चौदा कर. खेळ चालू कर."

"तुला दिसला नव्हता का लागलेला?"

"दिसला. मी जवळ होतो. तुझ्यापेक्षा जवळ." त्यानं गोळा तराजूतून उचलून फळीवर ठेवला. "तुझं तोंड पण दिसलं. म्हटलं, मास्तर अडकला. सोडवू."

मास्तर निघाले तेव्हा बेकरीवाला उठून दारापर्यंत आला आणि हळू म्हणाला, "राग नाही. पण परत येऊ नको. पोरांना याच गल्लीत राहायचंय."

घरी येऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई शाळेच्या गणवेशाला बटणं लावत होत्या, बाहेरगावचं काम, आता तेवढंच मिळतं. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि चार महिन्यांत एकदाही न विचारलेलं विचारलं.

"शिट्टी का नाही वाजवलीत?"

"वाट बघत होतो, तो हात वर करेल म्हणून."

"ते तुम्ही लिहून दिलंत. मी तुम्हाला विचारतेय."

मास्तरांनी पायट्यावरचा पाय काढला. "वाट बघत होतो हे खोटं नाही. पण दुसरा कुणी असता तर बघितली नसती. दिली असती वाजवून." मग म्हणाले, "भाचा होता म्हणून."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढचा गणवेश ओढला. "मग ज्यांचा डोळा गेला त्यांना ते कुठे ठाऊक आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कार्यालयात गेले. जबानीत एक ओळ वाढवायची आहे म्हणाले. कारकून बाईनं फाइल न काढताच सांगितलं, "प्रकरण बंद झालं, मास्तर. आता काही लावता येत नाही. आणि तुम्हाला काय पडलंय? तुमच्यावर ठपका नाही ना आला?"

तिथून ते सरळ खालच्या गल्लीत गेले. बेकरीची ताज्या पावाची वेळ होती, रांग रस्त्यापर्यंत आलेली. ते रांगेत उभे राहिले. त्यांना ओळखून पुढचे-मागचे हातभर लांब सरकले. आमच्या गल्लीतली एक मोलकरीण तिथं होती, तिच्याकडून पुढचं कळलं. मास्तर मोठ्यानं बोलायला लागले. एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं, म्हणजे सगळ्यांना समजेल. चेंडू लागला होता. मी पाहिला. माझा भाचा, म्हणून मी गप्प बसलो. पद्धत वगैरे नंतर. त्याच्या आधी हे.

आत भट्टीपाशी गोळे तोलायचा आवाज थांबला होता, असं ती म्हणते. बाहेर कुणी शिवीसुद्धा दिली नाही. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, शेजाऱ्यानं त्याला दोन शब्दांत समजावलं, आणि म्हातारा मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

रांग सरकली. मास्तरांचा नंबर आला. पैशांच्या गल्ल्यावर बेकरीवाल्याची बायको होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, मागच्या फळीकडे हात नेला आणि विचारलं, "किती?"

"एक."

तिनं पाव कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. मागच्या बाईनं त्यांच्या पाठीला पिशवीचा कोपरा लावला. "झालं ना तुमचं? सरका मग पुढे."

मास्तर सरकले. पाव गरम होता. तो दोन्ही हातांत धरून ते गल्लीतून वर चालत आले, आणि दुपारी दोघांनी तो खाल्ला.